कार्ड वाटू नका, द्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय अनंतराव सर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते मुद्रक श्यामसुंदर खांबेटेकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वासंतीकाकू, आणि सदाशिव-नारायण पेठेपासून लोणी काळभोरपर्यंतच्या माझ्या सगळ्या व्यावसायिक बंधुभगिनींनो,

मी शालू मच्छिंद्र घुले. मांजरीला माझी उसाची रोपवाटिका आहे. सरांनी पाच मिनिटं दिली आहेत. छाती धडधडतेय, पण ती भीतीनं नव्हे हो, आनंदानं! काकांबद्दल चारचौघांत बोलायला मिळावं म्हणून मी तेरा वर्षं थांबले आहे.

गोष्ट दोन हजार एक सालची. उसाच्या एकेका डोळ्याचं पिशवीत रोप करून विकायचं, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. आमचे मामंजी, गेनबा घुले, यांनी विहिरीजवळचा तुकडा एका हंगामापुरता दिला. म्हणाले, "खपली रोपं तर ठीक. न्हाईतर पुढल्या साली तिथं कांदा लावतो." मी तीस हजार रोपं धरली. डिसेंबरात गावाजवळ शेतीचं प्रदर्शन होतं. तिथं देण्यासाठी कार्ड हवं म्हणून मी नारायण पेठेत काकांच्या छापखान्याची पायरी चढले.

मजकूर लिहूनच नेला होता. वर देवाचं नाव, खाली मामंजींचं, मग आमच्या ह्यांचं, दोन्ही दिरांचं, आणि तळाला बारीक अक्षरात 'उसाची रोपे मिळतील'. काकांनी चष्मा वर केला.

"बाई, मुहूर्त तेवढा राहिलाय."

"कशाचा?"

"लग्नाचा. ही पत्रिकाच आहे ना?"

पुण्यात नवीन आलेल्या माणसाला याचा राग येतो. मलाही आला! पण पुढचा प्रश्न त्यांनी अगदी साधेपणानं विचारला. "रोपं कोण करतं?"

"मी."

"गिऱ्हाइकाशी बोलणार कोण?"

"मीच की."

"मग गिऱ्हाइकानं गेनबांचं नाव कशाला पाठ करायचं?"

माझं नाव तोवर रेशनकार्डाबाहेर कुठं छापलेलं नव्हतं. काकांनी कागदावर मोठं लिहिलं, 'शालू घुले, ऊस रोपवाटिका, मांजरी'. मग समोरचा फोन उचलून मी दिलेला नंबर फिरवला. पलीकडे वारज्याचा एक टेलर निघाला! माझा एक आकडा चुकला होता. "मी फिरवल्याशिवाय नंबर छापत नाही," काका म्हणाले. आज सभागृहात बसलेल्या कितीजणांची अब्रू या एका सवयीनं वाचली असेल, सांगा बरं?

पाचशे कार्डं घरी आली. मामंजींनी एक हातात धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. "घरातल्या बाईचं नाव परक्याच्या खिशात जाणार?" एवढंच बोलले. दोन दिवस माझ्या हातचा चहाही त्यांनी घेतला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी फाटकाशी उभी राहिले आणि येईल त्याच्या हातात कार्ड देत सुटले. दोन तासांत पाचशे संपली! मला वाटलं, मैदान मारलं. दुपारी चहाला गेले तर खाली मातीत माझं नाव पडलेलं. एकावर चपलेचा ठसा, एकानं दात कोरून फेकलेलं, एक तर चहावाल्यानं डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातलेलं. मी वाकून वाकून वेचत होते आणि लोक म्हणत होते, "काय हरवलं का, ताई?" काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी ती मळकी कार्डं पिशवीत घालून मी बसनं नारायण पेठेत गेले आणि काकांच्या टेबलावर ओतली. "तुमच्या कार्डांचा काही उपयोग नाही."

काकांनी एक कार्ड बाहीनं पुसलं. "काल कुणाकुणाशी बोललात? एकाचं नाव सांगा."

मला एकही आठवेना.

"तुम्हाला त्यांचं नाव माहीत नाही, मग त्यांनी तुमचं का जपावं? बाई, कार्ड वाटायचं नसतं. द्यायचं असतं. आधी माणसाचं ऐका, त्याच्या कामाचं काहीतरी त्यावर लिहा, आणि मग द्या."

मी रडले. वासंतीकाकूंनी आतून पाणी आणून दिलं, आणि त्याच म्हणाल्या, "अहो, पाठ कोरी आहे की कार्डाची. तिथं छापा ना काहीतरी." काकू, मान खाली घालू नका, खरं आहे ते!

नवी शंभर कार्डं झाली. पाठीवर उसाचे तिन्ही हंगाम, किती फुटांची सरी धरली तर एकरी किती रोपं, आणि खाली दोन ओळी रिकाम्या. कागद मुद्दाम खरखरीत घेतला, कारण गुळगुळीत कागदावर पेन उठत नाही.

मग मी लोणी काळभोरला एका खताच्या दुकानदाराची परवानगी काढून त्याच्या ओट्यावर बसू लागले. येणाऱ्याला विचारायचं, रान किती, पाणी किती दिवसांनी मिळतं, आधीचं पीक कधी निघतंय. ऐकून हिशेब मांडायचा, कार्डामागे लिहायचा, 'साडेतीन एकर, वीस जानेवारी, एकोणीस हजार रोपं', आणि त्यांचं नाव माझ्या वहीत. आठ दिवसांत बावीसच कार्डं गेली. बावीस! आणि घरचा फोन मुका. तिकडे रोपं गुडघ्याला लागलेली, मुळं पिशवीत गुंडाळायला लागलेली. मामंजी रोज सकाळी त्या तुकड्यावरून चक्कर मारून यायचे.

नवव्या दिवशी दारात ट्रॅक्टर उभा राहिला. दत्तोबा नावाचे गृहस्थ उतरले. त्यांनी टोपीच्या घडीतून माझं कार्ड काढलं. मी तर या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं!

"शेजाऱ्याकडनं आणलंय मागून," ते म्हणाले. "एवढं इचारून हिशेब लिहून देनारी बाई रोपं बी नीटच करत आसंल. चला, दावा."

त्यांनी त्याच दिवशी अकरा हजार रोपं भरली. चार दिवसांनी तो शेजारी आला. त्याची एकोणीस हजार गेली आणि पिशवीसुद्धा उरली नाही. अध्यक्ष महाराज, घंटा वाजवू नका, शेवटचंच सांगते.

त्या दुपारी मी रिकाम्या जागेवर झाडू मारत होते. घरात फोन वाजला. मामंजींनी उचलला. खिडकीतून मला ऐकू आलं. "न्हाई, रोपं संपली. नाव सांगा, पुढल्या सालासाठी लिवून घेतो... मी? न्हाई, न्हाई. मालकीन शालूबाई हाय. मी तिचा सासरा बोलतोय."

मी झाडू तसाच धरून उभी राहिले.

काका, आपण छापखाना बंद करताय. आमच्यासारख्या कितीतरी जणींचं नाव पहिल्यांदा आपल्याच यंत्रावर उमटलं, हे आज सांगायचं होतं. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आपली ऋणी आहे. उत्साहाच्या भरात कुणा थोरांचं नाव घ्यायचं राहिलं असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, वेळही जास्त घेतला, ते सगळं घरच्या लेकीचं म्हणून पोटात घाला. काका, काकू, खूप चाला, खूप झोपा, आणि मांजरीला ऊस खायला या. नमस्कार.