चौकशीस योग्य

मुलगी : पुढचा! सव्वीस नंबर, बुधवार, दुपार. नाडी किती लिहू?

आई : बहात्तर.

मुलगी : परत बहात्तर? अगं, अख्खी छावणी एकाच ठेक्यात धडधडते की काय! माझी साधी तोंडी परीक्षा असली तरी एकशे दहाच्या खाली येत नाही. आणि हे कैदी कोठडीत बसून मस्त बहात्तर!

आई : बरं, अठ्ठ्याहत्तर लिही.

मुलगी : म्हणजे मनाला येईल ते?

आई : टकळे, तोंड कमी चालव आणि हात जास्त. चाळीस माणसं, दिवसाला तीन फॉर्म, आठवड्याचे सहा दिवस. सातशे वीस होतात. दुसऱ्या डॉक्टरांना आघाडीवर पाठवलं, मी एकटी उरलेय. तिथे फॉर्मच भरत बसले तर माणसं कधी तपासू?

मुलगी : पण बुधवार अजून उजाडलासुद्धा नाही. बुधवारी त्याला ताप असेल की नसेल, हे आज रविवारी तुला कसं कळलं?

आई : तपासल्यावर वेगळं काही निघालं तर बदलते मी.

मुलगी : कधी बदललंयस?

आई : रेघ सरळ ओढ.

मुलगी : माझ्या रेघा सरळच असतात, मॅडम. तुमचे कारकून काय म्हणाले होते? 'डॉक्टरीणबाई, अक्षर एकाएकी सुधारलं, क्लास लावलात की काय?' हसून हसून पोट दुखलं होतं माझं. एकोणतीस झाला. तीस झाला. एकतीस नंबर, सोमवार, सकाळ...

आई : एकतीस सोड. बत्तीस घे.

मुलगी : का? सुटला?

आई : हो.

मुलगी : खरंच? वा! बघ, मी म्हणत होते ना, चाळीसमधला एक तरी निर्दोष असणारच! मग तुझं तोंड असं का? माणूस सुटला की खूश व्हायचं असतं, आई.

आई : बत्तीस. सोमवार. लिही.

मुलगी : थांब, दार वाजतंय. मामाच असणार. तोच असा ठोकतो, जप्ती आणल्यासारखा.

मामा : जप्ती नाही, फाईल आणलीय. टकळे, तू आत जा जरा. अभ्यास नाही का काही?

मुलगी : शाळेच्या मैदानात खंदक खणलेत आणि गणिताचे सर आघाडीवर गेलेत. अभ्यास कशाचा करू, खंदकाचा? तुमच्या गृहखात्याला विचारून सांग.

मामा : ताई, हिला आत पाठव. कामाचं बोलायचंय.

आई : बसू दे. फॉर्म तीच भरते.

मामा : कुठले फॉर्म?

आई : सगळे. दीड महिना झाला. मी आकडे सांगते, ती लिहिते, मी सही करते.

मामा : एकतीसचेसुद्धा?

आई : एकतीसचेसुद्धा.

मामा : म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मी इथे आग विझवायला आलोय आणि तू मला आणखी निखारे दाखवतेस.

मुलगी : एकतीसचं काय? तो तर सुटला.

मामा : ताई?

आई : मेला, बाळा. गुरुवारी सकाळी. मी मघाशी तुझ्याशी खोटं बोलले.

मुलगी : कशाने मेला?

मामा : ते नंतर. आधी गोम कुठे आहे ते ऐक. गुरुवारचे दुपारपासूनचे दोन, शुक्रवारचे तीन आणि शनिवारचे तीन, असे त्याचे आठ फॉर्म नोंदवहीत लागलेत. ताप नाही, नाडी बहात्तर, शुद्धीवर, चौकशीस योग्य. खाली सही तुझी. मेलेला माणूस अडीच दिवस ठणठणीत!

आई : कारकुनाला सांगून त्याचे कागद काढायला हवे होते. गुरुवारी मला ते सुचलं नाही.

मामा : तो बिचारा गठ्ठ्यातून त्या दिवसाचे कागद काढतो आणि लावतो. त्याला काय स्वप्न पडणार? पण उद्या दहाला छावणी तपासायला चौकशी आयोगाची तीन माणसं येतायत, आणि सगळ्यात आधी नोंदवही मागणार आहेत.

मुलगी : मग बरंच झालं की! त्यांना सांगून टाका.

मामा : काय सांगू? की राष्ट्राच्या सुरक्षेचा कारभार यांच्या जेवणाच्या टेबलावर, एका नववीतल्या पोरीच्या पेनाने चालतो?

मुलगी : दहावीतल्या.

मामा : जिभेला हाड म्हणून नाही हिच्या! ताई, नीट ऐक. मृत्यूचा दाखला तू अजून दिलेला नाहीस. नशीब समज. त्यात तारीख कालची घाल. शनिवार, रात्र, झोपेत हृदय बंद पडलं. बस. आठच्या आठ फॉर्म आपोआप खरे होतात. प्रेत शीतघरात आहे, त्याला गुरुवार काय आणि शनिवार काय!

आई : आणि नाही घातली तर?

मामा : तर खोट्या नोंदी केल्याबद्दल तू आत. युद्धकाळ आहे, खटला बंद दाराआड चालेल, वकील ते देतील तो. आणि पहिला प्रश्न येईल, अक्षर कुणाचं.

मुलगी : मला धमकी देतोस, मामा?

मामा : वेडे, तुला कडेवर घेऊन फिरलोय मी. धमकी कसली देतोय! काय होईल ते सांगतोय.

मुलगी : त्याच्या घरी कळवलं?

मामा : दाखला नाही तोवर कळवता येत नाही.

मुलगी : म्हणजे त्यांना अजून वाटतंय तो जिवंत आहे?

आई : काल त्याची आई फाटकावर आली होती. दर शनिवारी येते, धुतलेले कपडे घेऊन. कारकुनाने तिला फॉर्म वाचून दाखवला.

मुलगी : कुठला फॉर्म?

आई : कालचा, सकाळचा.

मुलगी : म्हणजे मी लिहिलेला.

आई : हो.

मुलगी : मग ती काय म्हणाली?

आई : म्हणाली, ताप नाही ना, मग झालं. कपडे ठेवून गेली.

(मुलगी पेन खाली ठेवते.)

मामा : हे पोरीला सांगायची काही गरज होती का, ताई?

आई : ती विचारतेय.

मामा : आणि तू एकदम सत्यवादी! दीड महिना सह्या करताना कुठे होतं हे? हे बघ, मला काही आनंद होत नाही. पण रेल्वे स्टेशनवर स्फोट झाला त्या दिवशी तू किती जणांचे पाय कापलेस, आठवतंय?

आई : एकोणीस.

मामा : मग! ज्यांनी तो घडवला त्यांना काय पंख्याखाली बसवून विचारायचं?

आई : एकतीस नंबर घरांना रंग देणारा होता. स्फोटाच्या आठवड्यात त्याने स्टेशनसमोरची एक खोली रंगवली होती, एवढंच त्याच्या कागदात आहे. बाकी सगळा संशय.

मामा : संशयावरच काम चालतं आमचं.

आई : तुमचं चालतं. तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोस. इथे माझ्या बोटांखाली माणसाची नाडी असते.

मामा : म्हणूनच तर ते कलम घातलं मी! परिपत्रक कुणी लिहिलं? मी. खात्यातला एकही माणूस तयार नव्हता. मी भांडून घालून घेतलं, 'प्रत्येक चौकशीस वैद्यकीय अधिकारी हजर असावा आणि कैदी योग्य असल्याचे लिहून द्यावे.' मला वाटलं, डॉक्टर समोर उभा असला की हात आखडतील. माणूस जगेल. आणि ती जागा तुला मिळावी म्हणून मीच शब्द टाकला, कारण तुझ्यासारखी बाई तिथे असेल तर...

आई : मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून गेले.

मुलगी : मलाही तू तेच सांगितलंस. 'मी थांबा म्हटलं की थांबतात, म्हणून मी जाते.' मी मैत्रिणींना सांगितलंय ते! माझी आई नसती तर तिकडे रोज एक मेला असता, असं सांगितलंय.

आई : डॉक्टर नव्हता तेव्हा ते घाबरायचे. माणूस हातात मेला तर काय, म्हणून लवकर सोडायचे. आता घाबरत नाहीत, माझ्याकडे बघतात. मी मान हलवली की पुढे चालू.

मामा : असं बोलू नकोस.

आई : तुझं कलम वाईट नव्हतं रे. मीही वाईट डॉक्टर नव्हते. पण दोघांनी मिळून त्यांची भीती काढून घेतली.

मामा : ठीक. चुकलं. युद्ध संपल्यावर दोघं बसून रडू. आता दाखला लिही, कालची तारीख घाल.

आई : टकळे, पेन दे.

मुलगी : आई, नको! कालची घालू नकोस. त्याच्या आईला परत खोटं कळेल. एकदा माझ्यामुळे कळलंय.

मामा : आणि तुझी आई तुरुंगात गेली की तुला जेवायला कोण घालेल, ती फाटकावरची बाई?

मुलगी : तू घालशील. मामा आहेस ना?

मामा : ताई, समजाव तिला.

(आई लिहू लागते. बराच वेळ पेनाचाच आवाज.)

मुलगी : दाखला दोन ओळींचाच असतो ना, मामा? ही तर पान भरतेय.

मामा : ताई, काय चाललंय? फक्त तारीख आणि कारण.

आई : तारीख गुरुवारची घातलीय. फॉर्म कसे भरले जातात तेही लिहिलंय. सातशे वीस, आठवडा सुरू व्हायच्या आधी, घरी. 'मजकूर माझ्या सांगण्यावरून माझ्या अल्पवयीन मुलीने लिहिला. कशासाठी आहे ते तिला माहीत नव्हते.'

मुलगी : ते शेवटचं खोडून टाक.

आई : का?

मुलगी : दर फॉर्मवर छापलेलं आहे, 'चौकशीस योग्य'. मला वाचता येतं. म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. असं लिही.

आई : बाळा, हे एक वाक्य तुझ्यासाठी राहू दे.

मुलगी : मग 'विचारले नाही' एवढंच. प्लीज. त्यात खोटं काही नाही.

आई : ...बरं. 'तिने विचारले नाही व मी सांगितले नाही.' झालं?

मुलगी : झालं.

मामा : दोघींना वेड लागलंय. घराला आग लावून तुम्ही शुद्धलेखन तपासताय! दे तो कागद. मी फाडून टाकणारे, आधीच सांगतो.

आई : फाड. मी दुसरा लिहीन. उद्या दहाला मी तिथेच असणार आहे, आयोगाच्या हातात देता येईल. तू नेलास तर निदान तुझ्या कलमाचं काय झालं हे तुझ्या तोंडून कळेल त्यांना.

मामा : मी हे नेलं तर माझीही नोकरी गेली.

आई : हो.

मामा : नोकरीवर थांबलं तर नशीब.

आई : हो. म्हणून जबरदस्ती नाही. आधी वाच.

मामा : 'गुरुवार. पाण्याची चौकशी सकाळी अकरा वाजता सुरू.' हा शब्द कुठून आणलास?

आई : तिथे तोच म्हणतात. तोंडावर कापड आणि वरून पाण्याची धार. तुझ्या परिपत्रकात त्याला नाव नाही.

मामा : 'सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यास, म्हणजे मला, किती वेळ चालेल असे विचारण्यात आले. मी दहा मिनिटे असे सांगितले.' ताई, हे कशाला? कुणी विचारलंय तुला हे?

आई : पुढे वाच.

मुलगी : दहा मिनिटं? तू सांगितलीस?

आई : मी सांगितली. त्याची छाती तपासून, वय बघून. नीट हिशेब करून सांगितली.

मामा : 'अकरा वाजून सात मिनिटांनी नाडी लागेना. मृत्यू त्याच वेळी. पाणी अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद.' म्हणजे... ही मधली तीन मिनिटं?

आई : घड्याळ भिंतीवर समोरच आहे. मी बघत होते.

मुलगी : आई, पण तू 'थांबा' म्हणालीस ना? सातव्या मिनिटाला?

आई : म्हणाले.

मुलगी : मग?

आई : ते म्हणाले, 'मॅडम, अजून तीन मिनिटं आहेत.'