रंगाचा रकाना

कारागीर : नखं बघा आधी. नखाच्या मुळाशी फिकट अर्धा चंद्र असतो ना, तोसुद्धा उतरवलाय. तुमच्या उजव्या हाताचा साचा घेतला आणि उलटा फिरवून हा डावा केला. ही शीर बघा. पेरांवरच्या सुरकुत्या बघा.

सासू : अगंबाई! करंगळी तर अगदी तुझीच गं. वाकडी.

सून : हो, वाकडेपणा तर माझाच आहे.

कारागीर : मुद्दाम ठेवला. सरळ करून दिली असती तर हात परका वाटला असता.

सून : तो परकाच वाटतोय, मास्तर.

कारागीर : पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतो. आठवडाभर घाला, विसरून जाल. आता इथे सही करा. 'हात मिळाला, समाधानी आहे.' बस, एवढंच.

सून : थांबा. आधी दोन्ही बाह्या वर करते. हे दोन्ही हात टेबलावर. आता बघा.

कारागीर : बघतोय. लांबी तंतोतंत आहे. मनगटाची जाडी...

सून : लांबी-जाडीचं नाही म्हणत मी. रंग. हा उजवा माझा. आणि हा डावा दुधाळ चहासारखा.

सासू : एवढा काही फरक नाही हं. लांबून तर कळतसुद्धा नाही.

सून : आई, काउंटरवर लोक लांबून नाही येत. अगदी समोर येऊन उभे राहतात.

कारागीर : कुठल्या काउंटरवर?

सून : लॉन्ड्रीच्या. तिथेच इस्त्रीच्या रुळात गेला ना माझा हात. मागे रुळांवर सगळी आमची माणसं, पुढे काउंटरवर सगळी तुमची. मालक म्हणाला, हात बसवून एक तारखेला ये, पुढे उभी करतो. आमच्यातली पुढे उभी राहणारी मी पहिलीच, मास्तर.

सासू : म्हणून तर म्हणते, सही कर आणि चल. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?

सून : दोन्ही हातांनी कपड्यांचं पुडकं पुढे करायचं आणि समोरच्यानं कपडे सोडून माझ्या हातांकडे बघत राहायचं. एकदा या हाताकडे, एकदा त्या. कोणी विचारणारही नाही. नुसते बघतील. आठ दिवसांत मालक म्हणेल, बाई, गिऱ्हाइकांना जरा कसंतरी होतं, तुम्ही आपल्या मागेच बऱ्या.

कारागीर : ताई, यापेक्षा गडद रंग तक्त्यावरच नाही हो. हा बघा तक्ता. नैसर्गिक उजळ, नैसर्गिक, नैसर्गिक गव्हाळ आणि शेवटचा गडद. तुम्हाला मी शेवटचाच दिलाय.

सून : शेवटच्याला 'नैसर्गिक' नाही लिहिलं.

कारागीर : जागा पुरली नसेल. तक्ता वरून येतो, मी नाही छापत.

सासू : आमच्या ह्यांनासुद्धा शेवटचाच मिळाला होता. एकोणीस वर्षं झाली. तुम्हीच केला होतात हात.

कारागीर : तुमचे मिस्टर म्हणजे... पत्र्याच्या कारखान्यातले? उंच, मिशीवाले? आठवले! मोठे पंजे होते त्यांचे. आजी, आधी नाही का सांगायचं? बघा ताई, तुमच्या सासऱ्यांनी एका शब्दाची तक्रार केली नाही. वहीत त्यांच्या नावापुढे 'समाधानी' आहे. तीस वर्षं झाली मला या कामात, अजून एक हात परत आलेला नाही. साहेब नवीन लोकांना माझी वही दाखवतात, माहितीये?

सून : समजा, मी परत केला, तर?

कारागीर : करू नका. तुमचंच नुकसान. गिऱ्हाइकानं नाकारला, तर नाव रांगेत शेवटी जातं. आठ महिने.

सासू : ऐकलंस? आठ महिने! तोवर तुझा मालक थांबणार आहे होय? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, बाई.

सून : आणि चूक तुमची असली तर?

कारागीर : माझी?

सून : करणाऱ्याची. तेव्हा काय नियम आहे?

कारागीर : तेव्हा पंधरा दिवसांत बदलून द्यावा लागतो. पण माझी चूक कुठे आहे? बोट आखूड आहे? कुठे फाटलाय? दाखवा ना.

सून : मास्तर, मी मापं द्यायला आले होते तेव्हा तुम्ही किती मापं घेतलीत?

कारागीर : सतरा. सगळ्यांची सतरा घेतो.

सून : मी मोजत होते. मनगटाचा घेर तीनदा घेतलात. एकेका बोटाला तीन मापं. करंगळी वाकडी आहे म्हणून तिला सतरांच्या वर जास्तीचं एक. इतकं जीव ओतून काम करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. घरी येऊन सांगितलंसुद्धा. हो ना, आई?

सासू : दोन दिवस तेच पुराण चाललं होतं.

सून : पण रंगाचं माप कधी घेतलंत?

कारागीर : रंगाचं काय माप? तो नजरेनं...

सून : नजरेनं कधी बघितलात?

कारागीर : तुम्ही समोरच बसला होतात की.

सून : मी आत आले तेव्हा माझा अर्ज तुमच्यापुढे होता. सतरा रकाने रिकामे होते आणि अठरावा भरलेला होता. 'गडद.' शाई वाळलेली होती, मास्तर. मला न बघताच लिहिलं होतंत.

कारागीर : अर्जावर नाव असतं ना. आडनाव वाचलं की अंदाज येतो. वेळ वाचतो.

सून : माझी बहीण माझ्यापेक्षा दोन छटा उजळ आहे. भाऊ आमच्या दोघींपेक्षा काळा. आडनाव एकच.

कारागीर : ताई, माझ्या मनात तसलं काही नाही हो. शपथेवर सांगतो. माझ्यापुढे माणूस येत नाही, हात येतो. कोणाचा, कुठला, मी बघतच नाही.

सून : तेच म्हणतेय मी. मनात नसेल. रकान्यात आहे.

सासू : पुरे गं. त्यांच्या वयाकडे तरी बघ.

सून : आई, कापले जातात ते आमचे हात. यांच्या दाराशी रांगेत निम्मे आमचेच असतात. आणि तक्त्यावर आम्हा सगळ्यांना मिळून एक रंग. तोही आमचा नाही. याला पुरे कसं म्हणू?

कारागीर : मग एकोणीस वर्षांत कोणी बोललं का नाही? आजी, तुम्हीच सांगा. तुमचे मिस्टर बोलले का?

सासू : मला कशाला मध्ये ओढता?

कारागीर : सांगा ना. ते खूश होते की नव्हते?

सासू : एक दिवस घातला त्यांनी.

कारागीर : काय?

सासू : तुमच्याकडून घरी येईपर्यंत. वाटेत चहाच्या दुकानात कोणीतरी हसून विचारलं, हा उसना कोणाकडून आणलास? घरी आले, काढला, माझ्या जुन्या पातळात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. त्यानंतर नेहमी बाही लांब. उन्हाळ्यातसुद्धा. आमच्या गल्लीत असे अजून चार आहेत तुमचे हात. सगळे पेटीत.

सून : आई, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

सासू : काय सांगायचं? तेव्हा आम्ही नवे होतो इथे. मिळालं ते घ्यायचं आणि मान हलवायची. सही करा म्हणाले, सही केली. गेले तेव्हा शेजारच्यांनी विचारलं, तो हात घालायचा का यांना शेवटचा? मी नको म्हटलं. कोणाचा म्हणून घालू?

(कारागीर तक्ता उलटा करून टेबलावर ठेवतो.)

कारागीर : मला वाटायचं, परत येत नाहीत म्हणजे बरे झालेत.

सासू : परत आणायलाही कोणाचातरी धीर लागतो, मास्तर. तुमचं काम वाईट नव्हतं. पंजा तर हुबेहूब त्यांचाच होता. म्हणून तर टाकवला नाही.

कारागीर : माझ्या गुरूंनी मला एक शिकवलं होतं. रंग कालवला की थेंबभर स्वतःच्या मनगटावर लावायचा आणि बघायचा. तसाच बघत आलो. 'गडद' माझ्या मनगटावर लावला की भलताच काळा दिसतो. वाटायचं, एवढा पुरे. कोणाला यापेक्षा जास्त कशाला लागेल?

सून : तुमच्या मनगटावर तो काळाच दिसणार.

सासू : अहो, जो रंग हवा तो हिच्या दुसऱ्या हाताला आहे, आणि तुम्ही स्वतःचं मनगट बघत बसलात. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

कारागीर : हसा, आजी. हसण्यासारखंच केलंय मी. ताई, तो कागद द्या इकडे.

सून : सही मी करणार नाही.

कारागीर : तुमची नकोच आहे. खाली कारागिराचा शेरा असतो. 'रंग... चुकीचा. माप... न घेता... लिहिला. चूक... कारागिराची.' घ्या. पंधरा दिवस. एक तारखेच्या आतच.

सून : तुमची वही खराब होईल. साहेब दाखवतात ना सगळ्यांना?

कारागीर : दाखवू देत. आता बघण्यासारखं काहीतरी आहे त्यात.

सासू : आणि तक्त्यात नसलेला रंग केलात म्हणून वरचे ओरडले तर?

कारागीर : ओरडतील. मी म्हणेन, तुम्हीच या आणि या बाईंच्या उजव्या हाताशेजारी तुमचा तक्ता धरून दाखवा. पाच रंग आहेत माझ्याकडे मूळचे. तांबडा, पिवळा, निळा, काळा, पांढरा. त्यातून हवा तो होतो. इतकी वर्षं केला नाही एवढंच. आजी, एक काम कराल? तो पेटीतला हात घेऊन याल?

सासू : आता कशाला? घालणारा माणूस राहिला नाही.

कारागीर : वहीत त्यांच्यापुढे 'समाधानी' लिहिलंय. ते मला खोडायचंय. हात समोर ठेवून.

सासू : आणीन. पण खोडताना मी समोर बसणार. आणि गल्लीतल्या त्या चौघांनाही आणीन, आधीच सांगून ठेवते. त्यातले तिघे अजून धडधाकट आहेत, आणि चौथी तर तोंडाची फार फटकळ आहे.

कारागीर : आणा. आता बसा दोघी, आजच सुरुवात करतो. तांबडा थोडा जास्त लागेल. निळ्याचा एक थेंब. तळहाताच्या बाजूला फिका ठेवायचा, हो ना?

सून : हो. आणि पेरांवर जरा जास्त काळा. बघा, इथे.

कारागीर : दिसतंय. हे मला आधी दिसायला हवं होतं. हं, झाला. आता एक थेंब...

सून : मास्तर.

कारागीर : काय?

सून : परत तुमच्याच मनगटावर चाललाय.

कारागीर : हात सवयीनंच जातो हो, ताई.

सून : माहितीये. म्हणून तर मी माझा मघापासून पुढे धरून बसलेय.