छातीतलं प्लुटोनियम आणि उंबऱ्यावरचं निरांजन

मंडळी, सावरून बसा! पेटीवाले, सूर जरा धरून ठेवा. आज एकच प्रश्न — आपण ज्याला भितो त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो. पण ज्याच्यासाठी भ्यायला हवं, त्याच्याकडे बघतो का? ... कोपऱ्यातली यमुनाकाकूंची खुर्ची आज रिकामी दिसतेय — असो!

तर ऐका! सावंतवाडीत मृण्मयी नावाची एक सून. फिजिक्सची पदवीधर, कडेवर आठ महिन्यांची इरा. भित्री किती? माझ्याइतकी! मी पाळण्यात वाकून बाळाचा श्वास ऐकते, आणि ऐकता ऐकता माझाच घ्यायचा विसरते. हसा, हसा!

तिच्या घरी नवऱ्याचे, म्हणजे निनादचे, चुलत आजोबा राहायला आले — भार्गवआजोबा. ऐंशी पार. तरुणपणी फ्रान्समध्ये नोकरी करताना हृदय रेंगाळायला लागलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी छातीत पेसमेकर बसवला. कशावर चालणारा? प्लुटोनियमवर! बॉम्बातल्या प्लुटोनियमच्या भावकीतलंच. पण एक भाऊ बॉम्बात गेला, दुसरा नुसता ऊब देत बसला! सूर्यापासून लांब गेलेल्या यानाला तीच ऊब वीज देते, आणि इथे म्हाताऱ्याला ठोका!

गावातल्या डॉक्टरांनी मृण्मयीला बजावलं, "प्लुटोनियमची काळजी करू नका, ते बंद डबीत आहे. काळजी डबीतून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेची करा. तार जुनी झालीय. चक्कर आली तर थांबू नका, आणि त्यांना एकटं सोडू नका."

एवढ्या बोलण्यातला हिने कोणता शब्द उचलला? — प्लुटोनियम!

झालं! आजोबांची रवानगी मागच्या खोलीत. इराला त्यांच्या मांडीवर बंदी. प्लुटोनियममधून निघणारे कण साध्या कागदाने अडतात, हे हिनेच परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले! पण पेपर संपला, विद्या संपली.

आजोबा हसायचे. "सूनबाई, मी जिवंत आहे तोवर भिऊ नकोस गं. मेल्यावर भी! ही डबी काढल्याशिवाय जाळू नका मला. फुटून तिची धूळ कुणाच्या श्वासात गेली, तर तो खरा घात!"

"काहीतरीच काय बोलता, आजोबा!" म्हणायची, आणि दोन पावलं मागे सरायची.

संध्याकाळी देवाची आरती झाली की घरातल्या सगळ्यांपुढे निरांजन फिरवायचं, ही त्या घरची रीत. आजोबांचं काय? ही मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर निरांजन ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. आजोबा यायचे, ज्योतीवर हात धरायचे, डोळ्यांना लावायचे. "घेतली गं आरती!" अशी हाक आली की ही निरांजन उचलायची. भक्ती बघा — देव घरात, माणूस उंबऱ्यापलीकडे!

एके दिवशी हाक आलीच नाही.

मृण्मयी उभी. तूप संपत आलेलं, वात तडतडतेय. "आजोबा?" ... "अहो आजोबा!" ... आता काय करावं? आत जावं? अंतर मोजावं? इराला आधी खाली ठेवावं?

कसलं अंतर नि कसलं काय! उंबरा ओलांडला — निरांजन पायाने कलंडलं — इरा कडेवरच! आजोबा खाटेशी पडलेले. मनगट धरलं तर ठोका इतक्या उशिराने, की पुढचा येतो की नाही कोण जाणे!

"निनाऽद! गाडी काढ!"

दवाखान्यात तार बदलली. आजोबांनी डोळे उघडले. म्हणाले, "तुझं प्लुटोनियम बघ, इतकी वर्षं इमानाने राबतंय. तार दमली बिचारी." तिने इराला त्यांच्या कुशीत दिलं आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

आता तुमच्याकडे वळते, मंडळी! कुणाच्या उंबऱ्यावर निरांजन ठेवून तुम्ही लांब उभे राहता? ... थांबा, तुम्हाला कशाला विचारू? मघाशी रिकामी खुर्ची बघून 'असो' कोण म्हणालं? मीच ना! यमुनाकाकू एकट्या राहतात, आणि मी इथे शहाणपण सांगत बसलेय.

कुणीतरी उठा हो. त्यांच्या दारावर थाप मारा, आतून आवाज ऐकून या. तोवर आपली आरती थांबेल.