तेजीबाईंना निकाल कुणी सांगितलाच नाही

तेजीबाईंच्या घरच्या मंडळींनो, गावचे पाटील, कारभारी, आणि खापरकडून, वरच्या पाड्यांवरून आलेल्या सगळ्या बायाबापड्यांनो,

मी वकील आहे. खाली तालुक्याच्या कोर्टात काम करतो. माझ्याबरोबर आमच्या वकील संघाचे चौघं जण आलेत. बोलणं हा आमचा धंदा, पण आज तेजीबाईंच्या अंगणात उभं राहायला लाज वाटते. मी मूळचा सारंगखेड्याकडचा, घरी अहिराणी बोलतो. तुमची बोली मला येत नाही. इतकी वर्षं या भागात काढून येत नाही, हीही लाजच. मी थांबत थांबत बोलतो. तुमच्या शाळेचे गुरुजी ते तुमच्या बोलीत सांगतील.

तेजीबाईंचा दावा तुम्हाला ठाऊक आहे. नवरा गेला आणि नाल्याकाठच्या शेतावर दिरानं आपलं नाव लावून घेतलं. शेत कसत होत्या तेजीबाई, कागदावर नाव दिराचं. त्या कोर्टात आल्या तेव्हा त्यांची लेक, ही जेमी, कडेवर होती. आज जेमीची मुलं शाळेत जातात. एवढा काळ तो दावा चालला.

या काळात आमचं कोर्ट फार बदललं. जुन्या कौलारू खोल्या गेल्या, नवी इमारत आली. कागद संगणकात गेले. तारीख मोबाइलवर यायला लागली. साक्ष पडद्यावर व्हायला लागली. दर वर्षी आम्ही एक कार्यक्रम घेतो. वर्षभरात काय सुधारणा झाल्या, किती जुने दावे निकाली निघाले, ते वाचून दाखवतो. या सुधारणा खोट्या नाहीत. त्यानं पुष्कळांचं काम सोपं झालंय. पण तेजीबाईंचं? तारखेचा मेसेज जेमीच्या फोनवर यायचा, आणि या पाड्यावर रेंज नाही. जेमी टेकडीवर चढायची, तेव्हा कळायचं की तारीख काल होती.

मग एका वर्षी वरच्या कोर्टाकडून सांगणं आलं, सगळ्यात जुने दावे आधी निकाली काढा. चांगलंच सांगणं होतं. तेजीबाईंचा दावा निघाला. निकाल लागला त्या दिवशी त्या कोर्टात नव्हत्या. त्यांचे वकील, आमचेच सहकारी, नंदुरबारला दुसऱ्या कामात होते. निकाल संगणकावर चढला. वकिलांना वाटलं, कारकुनानं कळवलं असेल. कारकुनाला वाटलं, वकील सांगतील. आम्हा बाकीच्यांना तर काही वाटलंच नाही.

दावा फेटाळला होता. दिरानं उलट ताबा मागितला होता; शेत त्याला द्या, असा हुकूम झाला होता.

आणि आम्ही काय केलं? कोर्टातला सगळ्यात जुना दावा निघाला म्हणून तेजीबाईंना कार्यक्रमाला बोलावलं. सत्काराला! माइक माझ्या हातात होता. मीच त्यांचं नाव पुकारलं. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला. तेजीबाई पाहुण्यांकडे बघून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. पाहुण्यांना कळलं नाही. ते हसले, त्यांनी मान हलवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

जेमीनं मला नंतर सांगितलं. आई विचारत होती, "शेत माझंच झालं ना?"

त्या घरी आल्या. येताना गूळ आणला. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तो गूळ खाल्ला असेल. त्यांनी शेताचा फुटलेला बांध घातला, ज्वारी पेरली, तूर पेरली.

ज्वारी कमरेला लागली आणि कोर्टाचा बेलिफ ताब्याचा हुकूम घेऊन आला. तेजीबाईंनी त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "दादा, तू चुकून आलास. मला साहेबांनी शाल दिली आहे." आत जाऊन शाल आणून दाखवली. तो माणूस ताबा न घेता परत आला. वकिलांच्या खोलीच्या पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "सायेब, तिले निकाल कोनी सांगंच नई का? तुमी शाल दिन्ही, आनि मी ताबा लेवाले गऊ. आते मी तिले काय तोंड दाखाडू?"



दुसऱ्या दिवशी सकाळी तेजीबाई स्वतः कोर्टात आल्या. जेमी बरोबर होती. निकाल देणारे साहेब बदलून गेले होते, नव्या मॅडम आल्या होत्या. मॅडमनी काम थांबवलं. तुमची बोली येणारा माणूस बोलावला. तेजीबाई उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी हरले असेन, तर हरले. कोर्टात कुणीतरी हरतंच. पण मग माझ्यासाठी टाळ्या कशाला वाजवल्या?"

मी तिथेच खुर्चीवर होतो. वर बघता आलं नाही. आमच्यापैकी कुणालाच आलं नाही.

मॅडमनी निकालाचं एकेक पान समजावून सांगितलं. दावा उशिरा लावला म्हणून फेटाळला, हेही सांगितलं. वर अपील करता येतं, ते सांगितलं. तेजीबाई मध्येच थांबवून विचारायच्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "इतकंच होतं तर आधीच सांगायचं होतं. मी गूळ वाटला नसता."

आम्ही अपील केलं. उशीर माफ झाला, ताब्याला स्थगिती मिळाली. ती ज्वारी तेजीबाईंनीच कापली. जेमी सांगते, खळ्यावर त्या दिवसभर उभ्या होत्या. मग तापाचं निमित्त झालं, आणि त्या गेल्या. अपील अजून चालू आहे. निकाल काय लागेल, मला माहीत नाही. खोटी आशा दाखवायला मी आलो नाही. ती एकदा दाखवून झाली.

आता आमच्या कोर्टात निकाल लागला की पक्षकाराला समोर बोलावून त्याच्या बोलीत सांगतात. मॅडमनी तशी पद्धत घातली. परवा आमच्यातले एक जण म्हणाले, ही यंदाची मोठी सुधारणा, अहवालात पहिली लिहू. मी म्हटलं, लिहा. पण ती आपल्याला कशी सुचली, तेही लिहा. अजून ते वाक्य कुणी लिहिलेलं नाही.

मी घरी हे सगळं सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमी इतला शिकेल लोके, एक जन बी तिले इचारं नई?" नाही विचारलं. एकानंही नाही. याचं कारण शोधायला मला कायद्याचं पुस्तक लागत नाही. त्या समोर होत्या, आणि आमचं लक्ष कार्यक्रमाकडे होतं.

जेमीबाई, अपिलात आईच्या जागी आता तुमचं नाव लागेल. त्याचा अर्ज मी आणलाय. अंगठा आज नको, दुःख ताजं आहे. गुरुजींकडून आधी वाचून घ्या, घरच्यांना विचारा, पटलं तरच अंगठा द्या. निकाल लागेल तेव्हा मी इथे येईन. चांगला असो की वाईट, तुमच्यासमोर बसून सांगेन.

माफी मागायची तर ती तेजीबाईंची. त्या ऐकायला नाहीत. म्हणून तुमच्यापुढे हात जोडतो.

आता सगळे उभे राहू. आम्ही खालून आलेली माणसं आधी उभी राहतो. थोडा वेळ कुणीच काही बोलू नये. गुरुजी, तुमच्या बोलीत सांगा. आणि माझं झालं, हेही सांगा.

तेजीबाई, राम राम.