बुधवारची चटणी

कसबा पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात चंपाबाईंनी मिक्सर काउंटरवर ठेवला.

"अहो, सून फक्त बुधवारी चटणी वाटते. तरी बंद पडला."

दुकानदार आफताबने तो उघडला. शेजारी दोन समुपदेशक बाया बोलत बसल्या होत्या.

"माझी बुधवारची अकराची क्लायंट व्हिडिओ कॉल स्वयंपाकघरातून करते. सासूचा विषय निघाला की मिक्सर लावते."

"मग तुला ऐकू काय येतं?"

"घरघर. तिचे ओठ हलतात, मी मान डोलावते."

"सांगितलं नाहीस तिला?"

"सांगणार होते. तर म्हणाली, नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मध्ये न बोलता ऐकलं."

आफताबने सुटलेली तार जोडून मिक्सर लावून पाहिला.

"काकू, आवाज फार करतो हा. कमी करून देऊ?"

"नको," चंपाबाई म्हणाल्या. "आहे तेवढा असू द्या. सुनेला लागतो."