गोलकीपरचा नामदिवस

रीगात हरून आमच्या गावचा संघ खालच्या गटात गेल्याचं शनिवारी कळलं. रविवारी मी इंगूनाच्या, माझ्या बायकोच्या, कबरीसाठी फुलं घ्यायला विझ्माच्या टपरीवर रांगेत उभा होतो. पुढे संघाचे प्रशिक्षक गुनवाल्डिस होते. एकेकाळी ते आमचे स्ट्रायकर.

"विझ्मा, सहा दिलीस? ही कबरीची झाली. आज कॅलेंडरात आमच्या गोलकीपरचं नाव आहे, नामदिवस त्याचा."

"मग? कालच मेली ना तुमची टीम!"

"खाली गेली, मेली नाही. जिवंत माणसाला विषम द्यावीत. एक वाढव."

"खेळायचात तेव्हा पडल्यापडल्यासुद्धा गोल मारायचात. प्रशिक्षक झालात आणि बुडवलंत."

"तेव्हा पाय माझे होते, बाई. आता दुसऱ्यांचे पळवायचे असतात."

"जमत नाही तर सोडा की."

"उद्या सराव आहे."

"येणार कोण? तुमच्या त्या गोलकीपरनं, राइविसनं, तर म्हणे हातमोजे शेगडीत घातले."

"नवे घेतलेत. फुलांबरोबर तेही देतो."

"म्हणजे तो खेळायला तयार झाला?"

"नाही. त्याला विचारायचं अजून बाकी आहे."