पलीकडच्या बेटाचं झाड

धक्क्यावर बोटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर प्रयोगशाळेतली एक मुलगी आणि बेटावरचे एक म्हातारे गृहस्थ बोलत होते.

“काका, खरं सांगा, तुम्ही तपासायला आणून दिलेली पानं डोंगरावरच्या झाडाची नाहीत ना?”

“गुडघ्यांनी संप पुकारला गं. मग अंगणातल्या झाडाची तोडली. झाड तेच की!”

“दिसायला तेच. पण तपासणीत वंश वेगळा निघाला. तुमचं झाड पलीकडच्या बेटावरचं आहे.”

“समुद्र ओलांडून आलं होय ते?”

“कुणीतरी बी आणलं असणार. तिथली सगळी झाडं केव्हाच तोडली. त्या वंशाचं हे एकटंच उरलंय.”

“ते हिनं लावलं. लग्न होऊन आली, त्याच वर्षी. डोंगरावरनं रोप आणलं म्हणाली होती.”

“काकूंचं माहेर कुठलं?”

“पलीकडचंच. पण कधी माहेरचं नाव काढलं नाही. विचारलं, तर म्हणायची, मला नाही येत आठवण.”

“मग आता काकूंनाच विचारू या की.”

“ती कुठे आहे आता, पोरी?”

“सॉरी, काका.”

“रोज तिन्हीसांजेला त्या झाडाखाली जाऊन बसायची. मी आपला आतून ओरडायचो, घरात ये, डास चावतील.”